शेतकऱ्याचें मन आणि सरकारी दप्तर

भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या सडकेवर अड्याळ हें मोठें खेडें लागतें. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या अनुयायांमुळें जी अड्याळ टेकडी प्रसिद्धीस आली, ती ब्रह्मपुरी तालुक्यांतील. तिच्याशीं या गांवाचा घोटाळा होऊं नये. हें अड्याळ पवनी तालुक्यांतील, धानाच्या मुलुखांतील. सभोंवतीं भाताच्या बांध्या, मधून मधून तलाव व बोड्या, आणि रोवणी आटोपल्यावर नजर पोंचेल तेथवर हिरवें शिवार. वऱ्हाडांतील कापसाच्या काळ्या रानांत शेतकऱ्यांनीं आपले जीव दिल्याच्या वार्ता वाचून ज्यांचें मन सुन्न झालें आहे, त्यांस हा प्रदेश पाहून वाटावें कीं, येथें तरी पाणी आहे, येथें तरी घरचा भात आहे. तें दुःख इकडे फिरकलें नसावें. कित्येक वर्षें मलाहि असेंच वाटत होतें. माझा हा भ्रम दूर केला तो माझ्याच एका विद्यार्थ्यानें.

हा मुलगा याच भागांतील एका खेड्यांतून शिकावयास आला होता. इतिहासाच्या तासाला तो मागच्या बाकावर बसे. एका हिवाळ्यांत तो महिनाभर वर्गांत दिसला नाहीं. आला तेव्हां मीं त्याला हजेरीविषयीं चार शब्द सुनावले, फीचा हप्ता राहिला असल्यास सवलतीचा अर्ज करावयास सांगितलें, आणि कर्तव्य संपलें असें समजून पुढील धडा काढला. त्या महिन्यांत त्याच्या वडिलांनीं आत्महत्या केली होती, हें मला सहा महिन्यांनीं दुसऱ्याच्या तोंडून कळलें. पदवी घेतल्यावर तो एकदां माझ्या घरीं आला, तो कागदांची पिशवी घेऊन. सात-बाराचे उतारे, सोसायटीच्या जुन्या पावत्या, धान विकल्याच्या पट्ट्या, पंचनाम्याची नक्कल, आणि सर्वांत वर सरकारी समितीचें पत्र : प्रकरण अपात्र. कर्ज होतें, पण तें बिनपरवान्याच्या सावकाराकडून व नातलगांकडून हातउसनें घेतलेलें. म्हणून सरकारच्या व्याख्येंत तें बसत नव्हतें.

“सर, एवढे कागद आहेत,” तो म्हणाला, “पण बाबांच्या मनांत काय चाललं होतं, याचा एकहि कागद नाहीं. तुम्ही इतिहास शिकवतां. असं कां, तें सांगाल का?”

त्या दिवशीं मला उत्तर देतां आलें नाहीं. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा, उशिरां कां होईना, केलेला प्रयत्न आहे.

या मुलुखाची घडण प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. चांद्याच्या गोंड राजांनीं, जो तलाव बांधील त्यास त्या तलावाखालीं भिजणारी जमीन इनाम, अशी सनद दिली व त्या लोभानें कोहळी जातीच्या कुशल लोकांनीं ठिकठिकाणीं पाळी घालून पाणी अडविलें, अशी परंपरागत समजूत आहे. हें पीकच असें कीं, एकट्यानें साधत नाहीं. पऱ्हे टाकावयाचे, चिखल करावयाचा, पाणी बांधीवरून बांधींत उतरवावयाचें. वरच्यानें अडविलें तर खालच्याचें पीक करपावें. म्हणून पाणी कोणी, केव्हां व किती घ्यावें याचा रिवाज ठरलेला असे, आणि पाळ फुटली तर ती बांधावयास सर्वांस जावें लागे. दिवाळीनंतर गांवोगांव मंडई भरे. पाहुणेरावळे येत, सोयरिकी जुळत, रात्रभर दंडार व खडी गंमत चाले. झाडीपट्टींतील ही चाल अद्याप टिकून आहे. शेतकऱ्याच्या मनाची काळजी घेणारें खातें कोणत्याहि राज्यांत नव्हतें. पण ज्याचें पीक बुडालें, ज्याची बायको गेली, तो मंडईला आला नाहीं तर तें दहा जणांच्या नजरेस येई.

यावरून जुनें खेडें म्हणजे सुखाचें माहेर होतें, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा होईल. मालगुजाराच्या वाड्यावर वेठ होती. सालदार वर्षानुवर्षें एकाच उंबरठ्याशीं बांधलेला असे. ज्या जातींस पाणवठ्यावर जावयाची बंदी होती, त्यांच्या दुःखाची चौकशी पाळ बांधणाऱ्या त्याच मंडळींत होत असेल, असें मानण्यास आधार नाहीं. मला एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, त्या काळीं संकट बहुधा सर्वांवर मिळून येई, आणि माणूस एकटा पडण्यास बराच अवधि लागे.

नागपूरचें राज्य १८५४ त खालसा झालें, १८६१ त मध्यप्रांत बनला, आणि त्यानंतरच्या जमाबंदींत मालगुजारांस जमिनीचे मालकी हक्क मिळाले. हा बदल कागदावर लहान दिसतो. परिणामानें तो फार मोठा होता. जो मालकी हक्क विकतां येतो, तो गहाणहि टाकतां येतो. आणि जो गहाण टाकतां येतो, त्यावर सावकार पैसा देतो. सारा रोख, ठरल्या हप्त्यास, पीक येवो न येवो. कोर्ट, वकील, स्टॅम्प व हुकूमनामा हीं चार पाउलें गांवांत आलीं, तेव्हां कर्ज हें दोन शेजाऱ्यांमधील नातें न राहतां एका वहींतील एका नांवापुढील आंकडा झालें. आपल्या विषयाचा उगम माझ्या मतें येथें आहे.

पुढें दुष्काळ आले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं मध्यप्रांत होरपळून निघाला. १८९१ च्या शिरगणतींत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारें ७ लक्ष ४३ हजार होती. १९०१ सालीं ती ६ लक्ष ६३ हजारांवर आली. त्या वेळच्या जिल्ह्यांत आजचा गोंदियाहि मोडत असे. दहा वर्षांत वाढ व्हावयाची ती राहिली बाजूस. उलट ८० हजार माणसें कमी झालीं, कांहीं मेलीं, कांहीं मुलूख सोडून गेलीं.

योगायोग असा कीं, याच १८९७ सालीं फ्रान्समध्यें एमील दुर्खीम या समाजशास्त्रज्ञाचा आत्महत्येवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. युरोपांतील आंकड्यांवरून त्यानें असें प्रतिपादिलें कीं, आत्महत्येचें कारण केवळ दारिद्र्यांत सांपडत नाहीं. माणसास समाजाशीं जोडणारे बंध जेथें सैल होतात, किंवा जीवनाची परिचित चौकट जेथें एकाएकीं मोडते, तेथें तिचें प्रमाण वाढतें. दुर्खीमचे सर्व सिद्धांत आज जसेच्या तसे मान्य नाहींत. तथापि त्यानें दाखविलेली दिशा आपल्याकडील इतिहासास फार उपयोगी पडते. दुष्काळ हा सर्वांचा असतो, कर्ज हें एकट्याचें असतें. दुष्काळांत ज्याच्या घरीं चूल पेटली नाहीं, त्यास शेजाऱ्याकडे पाहून शरम वाटण्याचें कारण नसतें, कारण शेजाऱ्याचीहि पेटलेली नसते. कर्जबाजारी माणसाच्या शेजारीं मात्र लग्नाचा मांडव असतो, नवा ट्रॅक्टर असतो. त्याची भाकरी बुडते त्याआधीं त्याची मान खालीं जाते. आणि हें मान खालीं जाणें कोणत्याच वहींत लिहिलें जात नाहीं.

सरकारनें कर्जाकडे लक्ष दिलें नाहीं, असें नाहीं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या पेढ्यांवर हल्ला केला. त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. त्यांतून चौकशी-कमिशन व १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा निघाला. त्या कायद्यांत एक मोठी मार्मिक तरतूद होती, ती समेट करणाऱ्या पंचांची. धनको व ऋणको यांस कोर्टांत जाण्यापूर्वीं समोरासमोर बसवून तडजोड घडवावी, हा तिचा हेतु. चारच वर्षांनीं, १८८३ त, जोतीराव फुल्यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला आणि शेतकऱ्याचें कर्ज हें त्याच्या अज्ञानाशीं, भटशाहीशीं व सरकारी कामगारांच्या बेपर्वाईशीं कसें गुंतलेलें आहे, हें मांडलें.

समेटाचा हाच विचार पुढें मध्यप्रांतांत अधिक पद्धतशीरपणें आला. १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत धान्याचे व कापसाचे भाव कोसळले. कर्जाचा आंकडा तोच राहिला आणि तें फेडावयास दुप्पट धान लागूं लागलें. तेव्हां १९३३ सालीं मध्यप्रांत सरकारनें कर्ज-समेटाचा कायदा केला. या जातीचा कायदा करणारा हिंदुस्थानांतील हाच पहिला प्रांत. पंजाब, बंगाल व मद्रास यांनीं पुढील कांहीं वर्षांत त्याचें अनुकरण केलें. कायद्याप्रमाणें समेट-मंडळें नेमलीं गेलीं. ऋणकोनें किंवा धनकोनें अर्ज करावा, मंडळानें सर्व सावकारांकडून येणें किती याचे तक्ते मागवावे, दोन्ही पक्षांस बोलावून रक्कम कमी करून द्यावी व फेडीचे हप्ते बांधावे, अशी ती रीत होती. एखाद्या सावकारानें रास्त तडजोड नाकारली, तर पुढें दावा लावतांना त्यास खर्चाच्या व व्याजाच्या बाबतींत तोटा सोसावा लागे.

या मंडळांनीं शेतकऱ्यास कर्जमुक्त केलें, असें म्हणतां येत नाहीं. पुढें १९३९ त दुसरा कायदा करावा लागला, यावरूनच पहिल्याच्या मर्यादा दिसतात. परंतु मला त्या रीतींतील निराळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. जें कर्ज माणूस घरच्या बायकोपासूनहि लपवून ठेवी, तें तेथें चार लोकांपुढें मोठ्यानें वाचलें जाई. पांच सावकारांस एकमेकांचा आंकडा कळे. आणि सर्वांत मुख्य म्हणजे ऋणकोस विचारलें जाई कीं, बाबा, तुला किती झेपेल? तोंवर त्यास एकच प्रश्न ऐकण्याची संवय होती : केव्हां देतोस? ‘केव्हां देतोस’ आणि ‘किती झेपेल’ या दोन प्रश्नांत जें अंतर आहे, तेंच शेतकऱ्याच्या मनःस्वास्थ्याचा सर्व इतिहास आहे, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. कायदा करणाऱ्यांच्या मनांत मनाचा विचार नव्हता. ते रुपयांचाच हिशेब करीत होते. तरीहि विचारपुशीचा एक दरवाजा त्यांच्या हातून नकळत उघडला गेला, आणि मंडळें बंद पडलीं तेव्हां तो तितक्याच नकळत मिटला.

आतां सरकारी दप्तराच्या दुसऱ्या कपाटाकडे वळूं. नागपूरचें वेड्यांचें इस्पितळ १८६४ पासूनचें आहे. त्या काळचा कायदा होता १८५८ चा. पुढें १९१२ चा आला. दोहोंचाहि भर मुख्यतः भटकणाऱ्या व धोकादायक वेड्यांवर होता. पोलिसांनीं आणावें, मॅजिस्ट्रेटानें हुकूम द्यावा, मग दरवाजा उघडावा. म्हणजे मन पुरतें ढासळून माणूस रस्त्यावर आला तरच सरकारास त्याच्या मनाची वार्ता लागे. ज्याला झोंप येत नाहीं, जेवण जात नाहीं, जो बांधावर तासन्‌तास बसून राहतो, ज्याचें कशांतच लक्ष लागत नाहीं, असा माणूस वेडा नव्हता. म्हणून त्याची नोंद नव्हती. त्याचा आजार हा आजार आहे हेंच कोणास ठाऊक नव्हतें. घरचे म्हणत, बाहेरचें कांहीं झालें असावें. शेजारी म्हणत, आळशी झाला. आणि तो स्वतः म्हणे, मीच नालायक.

तिसरें कपाट पोलिसांचें. १८६० च्या दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमानें आत्महत्येचा प्रयत्न हा एक वर्षापर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरविला. त्यामुळें मरणाच्या दारांतून परत आलेल्या माणसाच्या उशाशीं प्रथम शिपाई उभा राही, वैद्य मागाहून. घरच्यांनीं तें प्रकरण ‘अपघात’ म्हणून दडपावें, हें ओघानेंच आलें. इंग्लंडानें आपल्याकडील असा कायदा १९६१ त रद्द केला. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें, असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरावें आणि सरकारनें त्यास उपचार द्यावे, असें ठरविलें. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेंत तें जुनें कलम उरलें नाहीं. म्हणजे दीडशेंहून अधिक वर्षें आपल्या कायद्यानें दुःखाला गुन्ह्याच्या खात्यांत जमा केलें होतें.

तेव्हां माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें पहिलें उत्तर हें असें आहे. दप्तरांत तीन वह्या होत्या : कर्जाची, वेडाची व गुन्ह्याची. त्याच्या वडिलांचें दुःख हें तिहींच्या मधल्या मोकळ्या जागेंत पडलें.

स्वातंत्र्यानंतर ही जागा भरून निघेल, अशी अपेक्षा करणें वावगें नव्हतें. १९५१ त मालगुजारी गेली, आणि जाण्यास योग्यच होती. परंतु मालगुजारीबरोबर तलावांची जबाबदारीहि सरकारकडे आली. ‘माजी मालगुजारी’ तलाव लोकांच्या तोंडीं ‘मामा’ तलाव झाले. पण या मामांना भाचेच उरले नाहींत. जो गांव पूर्वीं पाळ बांधावयास जाई, तो आतां खात्याकडे अर्ज करूं लागला. गाळ सांचत गेला, सांडवे फुटले, पाणी वाटण्याचा रिवाज अनेक ठिकाणीं विसरला गेला. ज्यास ऐपत होती त्यानें आपल्या शेतांत विहीर किंवा बोअर घेतली, आणि पाणी हें गांवाचें न राहतां ज्याचें त्याचें झालें. संकरित बियाणें, खत, औषध व ट्रॅक्टरचें भाडें यांनीं पिकाबरोबर खर्चहि वाढविला. धान पिकवून खरेदी-केंद्रावर नेलें तरी चुकारा हातीं येईपर्यंत सावकाराचें व्याज थांबत नाहीं. २०१७ सालीं तुडतुड्यानें भंडारा-गोंदियाकडील उभे धान वाळवून टाकलें, तें ज्यांनीं पाहिलें त्यांस हा हिशेब निराळा समजावून सांगावयास नको.

पश्चिम विदर्भांत तर संकट याहून उग्र झालें. यवतमाळ जिल्ह्यांतील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्यानें १९ मार्च १९८६ रोजीं सहकुटुंब जीवन संपविलें. त्या दिवसाचें स्मरण म्हणून अलीकडे महाराष्ट्रांत अनेक जण दरवर्षीं अन्नत्याग करतात. १९९५ पासून केंद्राच्या गुन्हे-नोंदणी विभागानें शेतकऱ्यांच्या आत्महत्या निराळ्या मोजावयास प्रारंभ केला. २००६ त पंतप्रधानांनीं अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठीं मदतीची योजना जाहीर केली. महाराष्ट्र सरकारनें मृताच्या कुटुंबास एक लक्ष रुपये साहाय्य ठरविलें; आणि साहाय्य आलें म्हणजे अटी आल्या. कर्ज बँकेचें, सहकारी संस्थेचें किंवा परवानाधारक सावकाराचें असावें; त्याच्या वसुलीचा तगादा असावा. ज्याचें असें कर्ज सिद्ध झालें, त्याचें मरण पात्र, इतरांचें अपात्र. ‘अपात्र’ हा शब्द त्या अधिकाऱ्याच्या दृष्टीनें केवळ एका रकान्याचें नांव असेल. घरीं राहिलेल्या बायकोमुलांस तो असा ऐकूं येतो कीं, तुमचा माणूस उगीच मेला.

या व्याख्येंतून सर्वांत आधीं निसटतो तो शेतमजूर. त्याच्या नांवें सात-बारा नाहीं, म्हणून त्यास बँक नाहीं. बँक नाहीं म्हणून सिद्ध करण्याजोगें कर्ज नाहीं. २०२२ सालीं सबंध देशांत शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांनीं आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यांत शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३ होते. त्या एकूण संख्येंतील ४,२४८ मृत्यु एकट्या महाराष्ट्रांतले. आपण ज्यास ‘शेतकऱ्यांची आत्महत्या’ म्हणतों, तींत अर्ध्याहून अधिक मरणें ज्यांच्यापाशीं शेतच नाहीं अशांचीं आहेत, ही गोष्ट आपल्यापैकीं कितीजणांस ठाऊक आहे? आणि बायका? अड्याळकडे रोवणीच्या दिवसांत बायकांच्या टोळ्या पहाटेपासून चिखलांत वांकून उभ्या असतात. त्यांतील एखादीचा नवरा गेलेला असतो, कर्ज मागें राहिलेलें असतें, आणि जमीन सासऱ्याच्या नांवें असते. तिच्या मनाची चौकशी करणारी वही अद्याप शिवली गेलेली नाहीं.

आतां इतिहासाच्या अगदीं अलीकडच्या पानाकडे येतों, कारण तें आशेचें आहे. अमरावती जिल्ह्यांतील ३० खेड्यांत ‘विश्राम’ नांवाचा उपक्रम कांहीं वर्षांपूर्वीं चालविला गेला. त्याची कल्पना साधी होती. मनोरोगतज्ज्ञ खेड्यांत राहावयास येणार नाहीं. तेव्हां गांवांतल्याच माणसांस शिकवावें, त्यांनीं घरोघर जावें, विषण्णतेचीं लक्षणें ओळखावीं, ऐकून घ्यावें, आणि गरज असेल त्यास समुपदेशकाकडे व पुढें डॉक्टराकडे न्यावें. २०१७ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रारंभीं विषण्णतेनें ग्रासलेल्या शंभरांपैकीं अवघे चार लोक कोणापाशीं तरी मदत मागत. दीड वर्षानें ती संख्या सत्तावीसवर गेली. उरलेले त्र्याहत्तर अजून मुकेच होते, हें खरें. पण जे तेवीस नव्यानें बोलले, त्यांस कोणी तरी प्रथम विचारलें होतें. महाराष्ट्र सरकारनेंहि २०१५ त चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प काढून आशा सेविकांकडे ही चौकशी सोंपविली. मराठवाड्याचे आठ व पश्चिम विदर्भाचे सहा असे ते जिल्हे; धानपट्टीचा भंडारा त्यांत नव्हता. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणासहि, मराठींतूनसुद्धां, आपलें मन मोकळें करतां येतें.

अन्य देशांचा अनुभवहि हेंच सांगतो. अमेरिकेच्या मध्यभागांत १९८० नंतरच्या दशकांत कर्ज व पडते भाव यांमुळें हजारों शेतकऱ्यांचीं शेतें लिलावांत गेलीं. तेव्हां आयोवा राज्यांत १९८५ सालीं शेतकऱ्यांसाठीं दूरध्वनीची एक सेवा निघाली. तींत कर्जाच्या व कायद्याच्या प्रश्नांबरोबर मनाच्या क्लेशांसहि जागा होती. पैशाचा सल्ला व मनाचा दिलासा हे एकाच दारीं मिळावे, ही त्यांतील शिकण्याजोगी गोष्ट. श्रीलंकेनें १९९५ पासून अति विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानें बंदी घातली आणि पुढील दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचें प्रमाण निम्म्यावर आलें. मृत्यूची ऊर्मि पुष्कळदां कांहीं घटकांची असते. ती टळली तर माणूस जगतो, आणि जगल्यावर बहुधा जगूंच इच्छितो, असा याचा अर्थ आहे. ज्यानें मनांत मरण आणलें त्याला कोणी थांबवूं शकत नाहीं, ही आपल्याकडील समजूत खोटी आहे.

येथें एक आक्षेप येईल, व तो रास्त आहे. धानाला भाव द्या, पाणी द्या, चुकारा वेळेवर द्या. पोट रिकामें ठेवून गोड बोलण्यानें काय होणार? मी आक्षेपकाशीं सहमत आहें. सांत्वन हें भावाचें काम करूं शकत नाहीं, आणि जें सरकार भाव टाळण्यासाठीं समुपदेशक पाठवील, तें शेतकऱ्याची थट्टाच करील. परंतु उलट बाजूहि तितकीच खरी आहे. कर्जमाफीचा कागद गांवांत पोंचेपर्यंत माणूस जिवंत राहिला पाहिजे. आणि पैशाची अडचण एकसारखी असतां एक शेतकरी तगतो व दुसरा खचतो, याचें कारण वहींत सांपडत नाहीं. १९३३ च्या समेट-मंडळांचें यश थोडें असेल. पण हिशेब व विचारपूस हीं दोन्ही एकाच बैठकींत होऊं शकतात, एवढें त्यांनीं दाखवून ठेवलें आहे. आज गांवोगांव सेवा सहकारी संस्था आहेत, ग्रामसभा आहेत, आशा सेविका आहेत. त्यांस एका चटईवर बसविणें हें कांहीं अशक्य कोटींतील काम नाहीं.

आणि आपलें काय? या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांचें मूळ एखाद्या खेड्यांत आहे. काका किंवा चुलतभाऊ तेथें शेती करतो. आपण सणावारीं जातों, तांदळाची पिशवी आणतों, आणि ‘यंदा पाणी कसं काय?’ असें विचारून परत येतों. पाण्याविषयीं विचारतों, पिकाविषयीं विचारतों, मुलांच्या नोकरीविषयीं विचारतों. झोंप लागते का, हें विचारीत नाहीं. तसें विचारणें आपल्या मध्यमवर्गीय सभ्यतेस उद्धटपणाचें वाटतें. मींहि तेंच केलें. तो मुलगा महिनाभरानें वर्गांत आला तेव्हां मीं हजेरी विचारली, फी विचारली. म्हणजे जीं दोन दप्तरें माझ्या हातीं होतीं, तीं दोन्ही मीं चोख तपासलीं. ज्या सरकारी रकान्यांवर मीं या लेखांत इतकी टीका केली, त्यांतलाच एक रकाना त्या दिवशीं मी होतों.

तो मुलगा आज भंडाऱ्यास एका शाळेंत इतिहास शिकवितो. त्याची आई अजून रोवणीला जाते. मागील उन्हाळ्यांत मी त्याच्याकडे गेलों होतों. हा लेख लिहावयाचें मनांत आहे, तुझी हरकत नाहीं ना, असें विचारलें. तो कांहीं वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, “लिहा सर. पण आधी आईशी बोला. तिला आजवर पंचनामा करणाऱ्यांनी विचारलं, सोसायटीवाल्यांनी विचारलं, समितीवाल्यांनी विचारलं. सगळ्यांनी बाबांबद्दल विचारलं. तिच्याबद्दल कुणी विचारलं नाहीं.”

ओसरीवर ती माउली तांदूळ निवडीत बसली होती. मी शेजारीं खालीं बसलों आणि विचारलें, “ताई, तुम्ही कशा आहांत?” तिनें सूप बाजूस ठेवलें. संध्याकाळची गाडी माझी चुकली. ती बोलत होती, आणि मी ऐकत होतों.